मोठा एक, की लहान तीन? गाडीतल्या आवाजाचा ताळेबंद



या सदरात आपण कधी फ्रिजच्या हप्त्याचा, कधी मुलांच्या क्लासच्या फीचा, तर कधी घरकर्जाचा हिशेब मांडतो. आजचा विषय ऐकून काही वडीलधारी मंडळी नाक मुरडतील. विषय आहे गाडीतल्या गाण्यांचा, आणि त्यातही गाडीत बसवायच्या ॲम्प्लिफायरचा. एकच मोठा घ्यावा, की लहान लहान दोन-तीन घ्यावेत? हा प्रश्न घेऊन आमच्याकडे इतकी तरुण मुले येऊन गेली की त्यावर एकदा सविस्तर लिहिणे आम्हाला आवश्यक वाटले.

हा शौक आहे, हे खरे. पण आपल्या वस्तीत दारासमोर उभी असलेली चारचाकी बहुधा शौकाची नसते, कर्जाची असते. तिच्यावर दरमहा हप्ता असतो आणि तिच्या कमाईवर घरातल्या चार-पाच माणसांचे पोट असते. शाळेच्या मुलांची ने-आण, लग्नसराईत वऱ्हाड, एअरपोर्टचे भाडे, असे मिळेल ते काम करून ती गाडी आपला हप्ता आपणच फेडत असते. अशा गाडीत भिशीचे पैसे घालून बसवलेला साऊंड पहाटे चार वाजता बॅटरी बसवून ठेवणार असेल, तर तो शौक घरादाराला महाग पडतो. म्हणून हा प्रश्न आम्ही आमच्या कारकुनी पद्धतीने, जमा एका बाजूला आणि खर्च दुसऱ्या बाजूला लिहून सोडवणार आहोत.

एक खुलासा आधीच करतो. जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर जो साऊंड लागतो, त्याबद्दल हा लेख नाही. त्याला जनरेटर असतो, त्याचे गणित निराळे. इथे आपण बोलतो आहोत ते गाडीच्या स्वतःच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर वाजणाऱ्या आवाजाबद्दल.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत एक कॅसेटचा डेक आणि मागच्या काचेखाली दोन स्पीकर, एवढ्यावर एक पिढी खूष होती. (ती टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून कायमची बंद झाली.) मग आजच्या पोरांना वेगळा ॲम्प्लिफायर कशाला लागतो? त्याचे कारण साधे आहे. डेकवर ‘५० वॅट गुणिले ४’ असे छापलेले असते, पण तो आकडा क्षणभराचा असतो. साध्या डेकच्या पोटातल्या ॲम्प्लिफायरला जी वीज मिळते ती गाडीच्या बॅटरीची, म्हणजे इंजिन चालू असताना जास्तीत जास्त १४.४ व्होल्ट. तेवढ्या व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात २५-२६ वॅटच्या वर काही देताच येत नाही, हे गणितानेच ठरलेले आहे. प्रत्यक्षात १५ ते २० वॅट मिळतात. गाडी उभी असताना तेवढे पुरतात. गाडी हायवेला लागली, टायरचा आणि वाऱ्याचा आवाज वाढला की ते कमी पडतात, आणि मग आवाज वाढवला की गाणे फाटते. वेगळ्या ॲम्प्लिफायरमध्ये बारा व्होल्टचे जास्त व्होल्ट करणारा भाग असतो, म्हणून तो जास्त वॅट देऊ शकतो. पण हे जास्तीचे वॅट येतात कुठून? त्याच बॅटरीतून, आणि बॅटरी भरणाऱ्या त्याच अल्टरनेटरमधून, ज्याला जुने मेस्त्री डायनामो म्हणतात. हा मुद्दा मनात ठेवून पुढचे वाचावे.

आमच्या नात्यातल्या एका पुतण्याचे उदाहरण घेऊ. त्याची सात आसनांची सी.एन.जी. गाडी आहे. सकाळी शाळेची मुले, दुपारनंतर भाडे. त्याने दोन दुकानांतून दोन दरपत्रके आणली आणि संध्याकाळी आमच्यापुढे ठेवली.

“काका, एक म्हणतो मोठा एकच टाक, तीन हजार वॅटचा. दुसरा म्हणतो तीन वेगळे टाक, म्हणजे आवाज खुलून येतो. कुणाचं ऐकू?”

त्याची आई, आमच्या वहिनी, चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “भावजी, वाजू दे त्याला काय वाजवायचं ते. पण सकाळी साडेपाचला गाडी एका चावीत चालू झाली पाहिजे, एवढं बघा.”

आमच्या मते सगळ्या चर्चेचा पाया वहिनींच्या त्या वाक्यात होता.

आधी ‘तीन हजार वॅट’ची परीक्षा घेऊ. बाजारात वॅटचे दोन आकडे चालतात. एक खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतो. त्याला कमाल वॅट, पीक किंवा पी.एम.पी.ओ. म्हणतात. दुसरा आतल्या कागदावर बारीक अक्षरांत असतो, तो आर.एम.एस. पहिला आकडा जाहिरातीचा, दुसरा कामाचा. आर.एम.एस. म्हणजे ॲम्प्लिफायर सतत देऊ शकतो ते वॅट. अमेरिकेतल्या उद्योगसंघटनेने यासाठी सीईए-२००६ नावाचे मानक केले आहे. १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या स्पीकरला, आवाजातली खराबी एक टक्क्याच्या आत ठेवून जे वॅट मिळतील तेवढेच छापायचे, असा त्याचा नियम आहे. खोक्यावर या मानकाचा उल्लेख असेल तर त्या आकड्यावर बराच भरवसा ठेवता येतो. हलक्या मालावर तो उल्लेख सहसा नसतो.

पण कागद नसला तरी एक पडताळणी कुणालाही करता येते. त्यासाठी शिक्षण लागत नाही, फक्त गुणाकार यावा लागतो. ॲम्प्लिफायरच्या बाजूला, वायर जोडायच्या जागेजवळ, फ्यूज असतो. त्यावर अँपिअरचा आकडा असतो. पुतण्याने फोनवर त्या मोठ्या ॲम्प्लिफायरचा फोटो आणला होता. त्यात २५-२५ अँपिअरचे दोन फ्यूज दिसत होते, म्हणजे एकूण ५०. चालू गाडीचे व्होल्ट सुमारे १३.८ धरावेत. ५० गुणिले १३.८ म्हणजे ६९० वॅट. याहून जास्त वीज त्या पेटीत सतत शिरू लागली तर फ्यूज जाईल. आता शिरलेली सगळी वीज आवाज होऊन बाहेर पडत नाही. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे ‘एबी’ वर्गाच्या ॲम्प्लिफायरमध्ये जवळजवळ निम्मी उष्णतेत जाते. म्हणजे बाहेर येणार फार तर साडेतीनशे ते चारशे वॅट. तीन हजार कुठून येतील? जमा ६९० आणि खर्च ३,००० दाखवणारी वही आमच्या ऑफिसात कुणी आणली असती, तर साहेबांनी तिथल्या तिथे चौकशी लावली असती!

पुतण्याचा चेहरा पडला. पण त्याला म्हटले, “अरे, चारशे वॅटही काही कमी नाहीत. ते किती पुरतात ते आधी बघू.”

आता दुसरे दरपत्रक. पुढच्या दोन स्पीकरना एक लहान ॲम्प्लिफायर, मागच्या दोघांना दुसरा, आणि सबवूफरला तिसरा, मोनो. फ्यूज अनुक्रमे २०, २० आणि ३० अँपिअरचे. बेरीज ७०. पहिले दोन ‘एबी’ वर्गाचे. तिसरा ‘डी’ वर्गाचा, ज्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास वीज कामी येते. याच पद्धतीने हिशेब केला तर तिन्ही मिळून सव्वासहाशे वॅटच्या आसपास बाहेर येतात. कागदावर हा सौदा पहिल्यापेक्षा बरा आणि खरा आहे. दुकानदार खोटे बोलत नव्हता.

लहान लहान ॲम्प्लिफायर घेण्याचे फायदेही खरे आहेत, ते नाकारून चालणार नाही. प्रत्येकाला आपला वेगळा वीजपुरवठा असतो, त्यामुळे ढोलाचा ठोका पडला तरी गायकाचा आवाज दबत नाही. उष्णता तीन ठिकाणी विभागते. एक बिघडला तर बाकीचे दोन चालू राहतात, गाडी मुकी होत नाही. लहान पेट्या सीटखाली मावतात. आणि आपल्यासारख्यांना महत्त्वाचा फायदा असा की आज एक घेता येतो, दिवाळीला दुसरा. सगळे पैसे एकदम घालावे लागत नाहीत. पूर्वी आणखी एक कारण सांगत. ‘डी’ वर्गाचा ॲम्प्लिफायर खर्जाला चांगला, पण बारीक स्वरांना तो बरा नव्हता, म्हणून दोन जातीचे वेगळे घ्यावे लागत. हे कारण आता फारसे उरले नाही. सगळे स्वर नीट वाजवणारे ‘डी’ वर्गाचे चार आणि पाच चॅनलचे ॲम्प्लिफायर आता सर्रास मिळतात, आणि ते आकाराने लहान असून तापतातही कमी.

तरीही आम्ही पुतण्याला तीनच्या वाटेला जाऊ दिले नाही. का, ते सांगतो.

चाळीत नळ तीन असले तरी वरची टाकी एकच असते. तिन्ही नळ एकदम सोडले की तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. ॲम्प्लिफायर कितीही घेतले तरी टाकी एकच, गाडीची बॅटरी. लहान पेट्रोल गाड्यांत ती बहुधा ३५ अँपिअर-अवरची असते. टाकी भरणारा पंप म्हणजे अल्टरनेटर. या गाडीचा होता ७० अँपिअरचा, आणि तोही इंजिन वेगात असताना. रात्रीची वेळ, हेडलाईट चालू, ए.सी. चालू, रेडिएटरचा पंखा चालू, इंजिनची स्वतःची वीज निराळी. सगळे मिळून आम्ही ४० अँपिअर धरले. उरले ३०. सिग्नलला गाडी थांबली, इंजिन मंद झाले की अल्टरनेटर त्याहून कितीतरी कमी देतो.

गाणे काही सतत पूर्ण जोराने वाजत नाही. सरासरी ओढ कमाल ओढीच्या एक तृतीयांश धरण्याचा रिवाज आहे. तीन ॲम्प्लिफायरांचे ७० अँपिअर, त्याचा तिसरा हिस्सा २३. म्हणजे ३० पैकी २३ गाण्यात गेले. रस्ता मोकळा असेल तर जमेल. पण मुंबई-ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये, पावसाळ्यात, वायपर आणि काच पुसायचा ब्लोअर चालू असताना वजाबाकी उलटी होते आणि फरक बॅटरी भरते. रोज थोडी थोडी उधारी. एक दिवस सकाळी चावी फिरवली की ‘टक टक’ आवाज येतो आणि शाळेची मुले गेटवर उभी राहतात.

शिवाय ॲम्प्लिफायर चालू असला की गाणे वाजत नसतानाही तो साधारण एक ते दोन अँपिअर खातो. तीन असले की तिप्पट. एरवी हे कळत नाही, कारण डेकपासून एक बारीक वायर येते, रिमोटची. डेक बंद झाला की ॲम्प्लिफायरही बंद. पण घाईत काम करणारा वायरमन ती वायर सरळ बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडून मोकळा होतो. आमच्या वस्तीतल्या एका टॅक्सीवाल्याचे तसेच झाले. दोन ॲम्प्लिफायर, प्रत्येकी दीड अँपिअर धरले तरी रात्रीच्या दहा तासांत तीस अँपिअर-अवर. पस्तीसची बॅटरी! त्याने दोन महिन्यांत दुसरी बॅटरी घेतली आणि बॅटरी बनवणाऱ्या कंपनीला शिव्या दिल्या. कंपनी बिचारी निर्दोष होती.

आता प्रश्न राहिला आवाजाचा. सव्वासहाशे वॅटना अडीचशेपेक्षा कितीतरी मोठे वाजायला हवे, असे कुणालाही वाटेल. इथे आपला कान फसवतो, आणि दुकानदाराचे फावते ते इथेच. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. अडीचशेचे सव्वासहाशे केले तर वाढतात अवघे ४ डेसिबल. ऐकणाऱ्याला वाटते, “हां, थोडा वाढला.” एवढ्यासाठी अडीचपट वीज आणि त्या मानाने पैसा. याउलट स्पीकर निवडताना त्याच्या कागदावरचा संवेदनक्षमतेचा आकडा बघावा. एक स्पीकर ८७ डेसिबलचा आणि दुसरा ९० चा असेल, तर ९० चा घेतल्याने ॲम्प्लिफायर दुप्पट केल्याइतका फरक पडतो. बॅटरीवर एक अँपिअरचाही बोजा न टाकता. हे कुठल्याही दुकानात आपणहून कुणी सांगत नाही.

म्हणून पुतण्याला आम्ही जे सुचवले ते असे. ‘डी’ वर्गाचा, चार चॅनलचा, ३० अँपिअर फ्यूजचा एकच चांगला ॲम्प्लिफायर घ्यावा. पुढच्या दोन चॅनलवर पुढचे दोन स्पीकर, प्रत्येकी ५० वॅट. मागचे दोन चॅनल एकत्र जोडून, ज्याला ब्रिज करणे म्हणतात, त्यावर एक मध्यम सबवूफर, दीडशे वॅट. मागचे स्पीकर डेकवरच राहू द्यावेत. मागे बसलेल्या मुलांना तेवढे पुष्कळ होते. एकूण अडीचशे वॅट. ऐंशी टक्क्यांच्या हिशेबाने पूर्ण जोरात ओढ २३ अँपिअरच्या आसपास, सरासरी ८. तीस शिल्लक असताना आठ खर्च. सिग्नलला इंजिन मंद झाले तरी हात आखडता घ्यावा लागत नाही.

ब्रिज करताना एक पथ्य आहे. बहुतेक चार चॅनलचे ॲम्प्लिफायर ब्रिजवर ४ ओहमच्या खाली चालत नाहीत. सबवूफर दोन कॉईलचा असेल, प्रत्येक कॉईल ४ ओहमची, आणि वायरमनने दोन्ही समांतर जोडल्या, तर भार २ ओहम होतो. ॲम्प्लिफायर थोडा वेळ जोरात वाजतो, तापतो, बंद पडतो आणि एक दिवस उठतच नाही. एकामागे एक जोडल्या तर ८ ओहम होतात; आवाज कमी, पण पेटी सुरक्षित. सर्वांत बरे म्हणजे एकच कॉईल असलेला ४ ओहमचा सबवूफर घ्यावा.

ज्यांची गाडी केवळ घरची आहे, भाड्याची नाही, आणि ज्यांना खर्ज दणदणीतच हवा, त्यांनी काय करावे? त्यांनी दोन घ्यावेत: स्पीकरना चार चॅनलचा एक आणि सबवूफरला मोनो एक. हप्त्याने जमवणाऱ्यांनाही हाच मार्ग बरा, कारण पहिला चार चॅनलचा घेतला की पुढे त्यात मोनोची भर घालता येते, पहिला विकावा लागत नाही. पाच चॅनलचा एकच ॲम्प्लिफायर म्हणजे हेच दोन एका पेटीत. जागा आणि वायर वाचते, पण बिघडला तर सगळेच बंद. तीन आणि चार पेट्यांची हौस ज्याला दुसरी बॅटरी आणि मोठा अल्टरनेटर बसवणे परवडते त्याने करावी. गाडीच्या भाड्यावर घर चालवणाऱ्याने दोनच्या पुढे जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता वायरिंगचे, कारण पैसे वाचवायला माणसे नेमकी इथेच कात्री लावतात. मोठ्या वायरचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवाच. ॲम्प्लिफायरवर फ्यूज आहे की, मग आणखी कशाला, असे विचारणारे भेटतात. ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी. बॅटरीजवळचा फ्यूज त्या दोघांमधल्या पंधरा फूट वायरसाठी. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून ती वायर येते. तिथे रबरी बूच बसवले नाही तर पत्र्याची धार इन्सुलेशन कापते, पॉझिटिव्ह बॉडीला लागतो आणि वायर लाल होते. फ्यूज नसेल तर ती थांबवायला कुणी नाही. गाड्यांना आग लागते ती अशीही.

वायर शुद्ध तांब्याची घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त मिळते, वरून तशीच दिसते. टोक चाकूने खरवडले की आत पांढरी तार दिसते. ३० अँपिअरच्या पेटीला अमेरिकन मापाची ८ गेज, म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर पुरते. दोन ॲम्प्लिफायर असतील तर ४ गेज, म्हणजे २१ चौरस मिलिमीटर, मागपर्यंत न्यावी आणि तिथे वाटणी करणारा फ्यूजचा डबा लावून प्रत्येकाला आपापला फ्यूज द्यावा. गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड, हे नवख्याला उलटे वाटते.

अर्थची वायर आखूड, तेवढीच जाड, आणि पत्र्याचा रंग खरवडून घट्ट बोल्टने लावावी. दोन ॲम्प्लिफायर असले तर दोन्हींचा अर्थ एकाच जागी घ्यावा. एकाचा उजवीकडे आणि दुसऱ्याचा डावीकडे घेतला की गाण्यात ‘ऊंऽऽ’ असा इंजिनबरोबर चढणारा-उतरणारा सूर मिसळतो आणि तो शोधता शोधता वायरमन आणि मालक दोघेही थकतात. पेट्या जितक्या जास्त तितक्या या सुराच्या जागा जास्त. तीनच्या विरोधात हेही एक कारण.

सी.एन.जी.वाल्यांनी आणखी एक गोष्ट पाळावी. डिकीत सिलिंडर असतो, त्याला व्हॉल्व्ह असतो, आणि गाडीच्या तळाखालून गॅसची नळी गेलेली असते. ॲम्प्लिफायर बसवायला तळाच्या पत्र्यात ड्रिल मारण्याआधी गाडीखाली वाकून बघायला सांगावे. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते, तेही ध्यानात ठेवावे. सिलिंडरच्या पट्टीला ॲम्प्लिफायर किंवा त्याची अर्थ कधीही जोडू नये, आणि व्हॉल्व्हजवळ फ्यूजचा डबा नको. पुतण्याची पेटी आम्ही ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली बसवायला लावली. लहान एकच असल्याने ती तिथे मावली. तीन असत्या तर सिलिंडरच्या डोक्यावर बसल्या असत्या.

गेन नावाची एक खुंटी ॲम्प्लिफायरवर असते. पोरे तिला आवाजाची खुंटी समजून शेवटपर्यंत फिरवतात. डेकचा आवाज पाऊण ठेवावा, मग गेन सावकाश वाढवावा, गाणे फाटायला लागले की किंचित मागे घ्यावा आणि पुन्हा हात लावू नये. फाटलेल्या आवाजाने ट्विटर जळतात. सबवूफरचा क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवला की ढोल ढोलासारखा वाजतो, गायक पिंपात बसल्यासारखा वाटत नाही.

शाळेची मुले नेणाऱ्यांना एक विनंती. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित ऐकण्याची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल अशी सांगितली आहे. दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. बंद गाडीत हा आकडा ओलांडायला अडीचशे वॅटही लागत नाहीत. मुले गाडीत असताना सबवूफर बंदच ठेवावा. आणि रात्री दहानंतर वस्तीत शिरताना आवाज उतरवावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हा भाग आहेच. पण शेजारच्या खोलीत रात्रपाळीहून आलेला माणूस झोपलेला असतो, हेही लक्षात असू द्यावे.

जुना माल घ्यावा का, असे पुष्कळ जण विचारतात. चांगल्या कंपनीचा जुना ॲम्प्लिफायर हलक्या नव्यापेक्षा बरा, पण दुकानातच बारा व्होल्ट जोडून अर्धा तास वाजवून घ्यावा. जळका वास, आतून उघडल्याच्या खुणा, किंवा फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा दिसला की परत ठेवावा.

नवा घेताना पक्के बिल घ्यावे. बिलावर नुसते ‘ॲम्प्लिफायर १ नग’ असे लिहू देऊ नये. मॉडेल क्रमांक, किती चॅनल, किती ओहमला किती वॅट आर.एम.एस., हे लिहून मागावे, आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का व तारीख घ्यावी. दुकानदार ‘आर.एम.एस. लिहिता येत नाही’ म्हणाला तर तिथेच त्या मालाची पारख झाली असे समजावे. पुढे तक्रार करायची वेळ आलीच तर हा कागद उपयोगी पडतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना फी लागत नाही, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. बसवण्याच्या मजुरीचीही वेगळी पावती मागावी, आणि बॅटरीजवळचा फ्यूज किती अँपिअरचा घातला तो आकडा त्याच पावतीवर लिहून घ्यावा.